सबमिशन ग्रॅपलिंगच्या स्पर्धा: नागपूरच्या वाचकांचे वारंवार येणारे प्रश्न

चिटणीस पार्कच्या कुस्तीच्या दंगली पाहत मोठी झालेली मुलं, मॅटवरचे कुस्तीगीर, ज्युदो खेळलेले आणि नुकतेच जिउ-जित्सूच्या वर्गाला जाऊ लागलेले असे अनेकजण हे प्रश्न पाठवतात. उत्तरांतले गुण आणि मुदती ठळक स्पर्धांच्या आहेत. आयोजक नियम बदलत असतात, म्हणून ज्या स्पर्धेत उतरणार आहात तिचं ताजं नियमपत्रक फी भरण्याआधीच वाचून घ्या. हरणारे बरेचजण ताकदीत कमी नसतात. ते एका नियमाचा सराव करून दुसऱ्या नियमात उतरलेले असतात.

१. सबमिशन ग्रॅपलिंग म्हणजे कुस्तीच ना?

नातं जवळचं आहे, पण खेळ वेगळा. पकड, खेच, पट, पाडणं हे सगळं इथे आहे. ठोसा, लाथ, कोपर नाही. फरक शेवटात आहे. कुस्तीत चितपट झालं की निकाल लागतो. इथे पाठ टेकणं म्हणजे हार नव्हे, उलट पाठीवर पडून हल्ला करणारे मोठे खेळाडू आहेत. समोरच्याने हार मानली की लढत संपते. त्यासाठी एकतर सांधा त्याच्या मर्यादेपलीकडे नेतात (ताठ हाताचं कोपर उलटं दाबणारा आर्मबार, खांदा पिळणारा किमुरा, पायाचे लॉक), नाहीतर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतात (समोरून मान काखेत धरून आवळणारा गिलोटिन, पायांनी आवळायचा ट्रँगल, मागून लावलेला चोक). गी, म्हणजे जाड सुती झगा, न घालता खेळतात म्हणून याला नो-गी असंही म्हणतात. हा खेळ जिउ-जित्सू, ज्युदो, कुस्ती आणि रशियातला साम्बो या सगळ्यांतून घडला आहे. किमुरा हे नावच जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांचं. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्यांनी एलिओ ग्रेसी यांना याच लॉकने हरवलं होतं.

२. हार मानायची कशी? तोंडाने बोललं तर चालतं का?

समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोन-तीन वेळा स्पष्ट थापटा. हात अडकले असतील तर पायाने थापटा, तेही जमत नसेल तर मोठ्याने ‘टॅप’ म्हणा. वेदनेने ओरडलात तरी बहुतेक नियमांत ती हारच धरली जाते. हळूच एकदा बोट टेकवण्यात अर्थ नाही, कारण ते कुणालाच कळत नाही आणि कोपर जातं. चोकमध्ये ‘अजून थोडं थांबू’ असा विचार करणारा काही सेकंदांत बेशुद्ध होतो (पुढचं प्रश्न १६ मध्ये).

३. ‘प्रमोशन’ म्हणजे काय? महासंघाच्या स्पर्धेपेक्षा ते वेगळं कसं?

महासंघाच्या किंवा खुल्या स्पर्धेत फी भरून कुणीही नाव देतो. वय, वजन, पट्टा (जिउ-जित्सूतला दर्जा) किंवा अनुभव पाहून गट पडतात आणि एका दिवसात अनेक मॅटवर शेकडो लढती होतात. प्रमोशन ही लढतींचा कार्यक्रम विकणारी कंपनी असते. ती खेळाडू निवडते, करार करते, जोड्या लावते, एकाच मॅटवर लढती घेते आणि प्रक्षेपण विकते. गावच्या दंगलीत आयोजक नामवंत मल्लांच्या जोड्या ठरवतात, तसंच हे काम.

जोडी दोन प्रकारे लागते. सुपरफाइट म्हणजे ठरवून लावलेली एकच लढत. दुसरा प्रकार ८ किंवा १६ जणांच्या बाद फेरीचा. त्यात एका रात्रीत किंवा दोन दिवसांत तीन-चार लढती खेळाव्या लागतात. मेटामोरिस (२०१२), एडी ब्राव्हो इन्व्हिटेशनल, म्हणजे ईबीआय (२०१४) आणि ब्रिटनमधलं पोलारिस (२०१५) यांनी ही पद्धत रुळवली. वन चॅम्पियनशिप, यूएफसीचं फाइट पास इन्व्हिटेशनल आणि हूज नंबर वन यांनी ती पुढे नेली. एडीसीसी (अबू धाबी कॉम्बॅट क्लबची स्पर्धा) मात्र खुली स्पर्धा आणि प्रमोशन या दोन्हींच्या मधली आहे. १९९८ साली अबू धाबीत शेख तहनून बिन झायेद यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. जगज्जेतेपदाची स्पर्धा साधारण दोन वर्षांतून एकदा होते आणि पुरुषांच्या प्रत्येक वजनगटात १६ जण असतात. काहींना थेट निमंत्रण असतं, काही खंडनिहाय पात्रता फेऱ्या जिंकून येतात. भारतीयांसाठी आशिया-ओशनिया पात्रता फेरी हा तिथे जायचा मार्ग आहे.

४. वेळ संपली आणि कुणीच हार मानली नाही, तर विजेता कसा ठरतो?

स्पर्धा निवडताना सगळ्यात आधी हेच पाहायला हवं, कारण तुमचा सगळा सराव यावर ठरतो. मेटामोरिसमध्ये सुरुवातीला २० मिनिटांत सबमिशन झालं नाही तर लढत सरळ अनिर्णित राहायची. प्रेक्षकांना ते आवडेना, म्हणून इतर वाटा निघाल्या.

एक वाट पंचांची. तीन पंच बसतात आणि कोणाचे सबमिशनचे प्रयत्न खरे धोकादायक होते हे पाहून निकाल देतात. वन चॅम्पियनशिपमध्ये अशा खऱ्या प्रयत्नांना ‘कॅच’ म्हणतात आणि त्यांनाच वजन असतं. नुसतं वर बसून दाबून ठेवलं तर फारसं पदरात पडत नाही. दुसरी वाट गुणांची (प्रश्न ६ आणि ७). तिसरी ईबीआयच्या ओव्हरटाइमची, ती पुढच्याच प्रश्नात आहे.

५. ईबीआय ओव्हरटाइम नीट समजावून सांगा. घड्याळ पाहून विजेता ठरतो म्हणतात, ते कसं?

मूळ लढत १० मिनिटांची, गुण नाहीत. सबमिशन झालं नाही तर जास्तीत जास्त तीन फेऱ्यांचा ओव्हरटाइम. प्रत्येक फेरीत दोघांनाही एकेकदा हल्ल्याची पाळी मिळते. हल्ला करणारा दोन स्थितींपैकी एक निवडतो. पहिली म्हणजे पाठीवर बसून, दोन्ही पाय आत अडकवून, एक हात खांद्यावरून आणि दुसरा काखेखालून घेतलेली सीटबेल्ट पकड. दुसरी स्पायडरवेब, म्हणजे समोरच्याचा हात ताब्यात घेऊन आर्मबारच्या तयारीत बसणं. रेफरीने इशारा दिला की एक फास लावायला बघतो, दुसरा निसटायला. निसटायला किती सेकंद लागले ते नोंदवलं जातं.

एकाच फेरीत एकाने सबमिशन केलं आणि दुसऱ्याला ते जमलं नाही, तर लढत तिथेच संपते. तीन फेऱ्यांनंतरही बरोबरी असेल तर दोघांच्या निसटण्याच्या वेळांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज कमी तो जिंकतो. समजा, तुम्ही १२, २० आणि १५ सेकंदांत सुटलात, म्हणजे ४७. समोरचा ४०, ५ आणि १० सेकंदांत सुटला, म्हणजे ५५. तर तुम्ही जिंकलात, जरी पुढच्या दोन्ही फेऱ्यांत तो तुमच्यापेक्षा लवकर सुटला असला तरी.

म्हणून हल्ल्याच्या पाळीत फास बसत नसेल तरी पकड सोडायची नाही; धरून ठेवलेला प्रत्येक सेकंद तुमच्या बाजूने मोजला जातो. बचावात पहिलं काम म्हणजे गळ्याकडे येणारा हात दोन्ही हातांनी धरणं. मग तो हात ज्या बाजूचा आहे त्याच्या विरुद्ध बाजूला सरकून पाठ आणि खांदे मॅटला टेकवायचे आणि शेवटी कंबर बाहेर काढायची. नवखे उलटं करतात: आधी पाय सोडवायला हात खाली नेतात आणि गळा उघडा पडतो. सरावात जोडीदाराला याच दोन स्थितींत बसवून स्टॉपवॉच लावा. आठवड्यातून दोनदा, दोन्ही बाजूंनी पाच-पाच पाळ्या केल्या तर महिन्याभरात फरक दिसतो.

६. एडीसीसीत आधी गुण नसतात आणि नंतर असतात, असं का?

लढतीच्या पहिल्या भागात गुण दिले जात नाहीत, म्हणजे खेळाडूने बिनधास्त सबमिशनचा प्रयत्न करावा. प्रयत्न फसून खाली गेला तरी गुण जात नाही. दुसऱ्या भागात गुण सुरू होतात. पाडलं आणि समोरचा गार्डमध्ये, म्हणजे पाठीवर पडून पाय मधे ठेवून राहिला तर २. पाडताच त्याचे पाय ओलांडून बाजूला पोचलात, म्हणजे निर्मळ टेकडाउन झालं, तर ४. स्वीपलाही, म्हणजे खालून समोरच्याला उलटवून वर येण्यालाही, असेच २ किंवा ४. गार्ड पास (त्याचे पाय ओलांडून बाजूला जाणं) ३, माउंट (अंगावर स्वार होऊन बसणं) २, पोटावर गुडघा २, दोन्ही पाय आत अडकवून पाठ घेतली तर ३. स्थिती ३ सेकंद टिकवावी लागते.

वजा गुणांनी कित्येक लढती फिरतात. गुणांच्या भागात स्वतःहून खाली बसून गार्ड ओढला किंवा मागे मागे पळत राहिलात तर वजा १. धावफलक ०–० असताना हा एक वजा गुण पुरेसा असतो. कुस्तीतून आलेल्यांना हे नियम मानवतात: पहिल्या भागात सांभाळून राहायचं आणि दुसऱ्यात एक स्वच्छ पट काढायचा.

७. आयबीजेजेएफच्या नो-गी स्पर्धेचे गुण वेगळे आहेत का?

हो. आयबीजेजेएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघ, आणि इथे गुण पहिल्या सेकंदापासून मोजतात. टेकडाउन, स्वीप आणि पोटावर गुडघा यांना २, गार्ड पासला ३, माउंट आणि पाठीला ४. प्रौढ गटात लढतीची वेळ पट्ट्यानुसार ठरते: पांढरा ५ मिनिटं, निळा ६, जांभळा ७, तपकिरी ८, काळा १०. वेळ काढत बसलात तर पहिल्या वेळी दंड नोंदवला जातो, दुसऱ्यांदा समोरच्याला अॅडव्हांटेज (गुण बरोबरीत असतील तर कामी येणारी आघाडी), तिसऱ्यांदा २ गुण आणि चौथ्यांदा तुम्ही बाद.

८. मी आखाड्यात सहा वर्षं घालवली. कोणते डाव चालतील आणि कोणते अंगलट येतील?

तुमच्याकडे या खेळातली सगळ्यात महाग गोष्ट आधीच आहे: उभ्याने खेळणं, तोल आणि दम. पट चालतो आणि गुणही मिळवून देतो. पण मान खाली घालून आत शिरायची सवय इथे महागात पडते. कुस्तीत गळा आवळत नाहीत, म्हणून लोंबती मान धोक्याची वाटत नाही. इथे तीच गिलोटिनला आयतं निमंत्रण देते. कपाळ समोरच्याच्या छातीला किंवा बरगड्यांना भिडवून, नजर वर ठेवून शिरा. पाडल्यावर डोकं ज्या बाजूला अडकलंय त्याच्या विरुद्ध बाजूला उतरा, फास आपोआप सैल होतो.

ढाक आणि धोबीपछाड यांत स्वतः वळावं लागतं, म्हणजे क्षणभर पाठ समोरच्याकडे जाते. घामाने निसटलेल्या हातात डाव अर्धवट राहिला तर समोरचा थेट पाठीवर येतो. तेव्हा पकड घट्ट बसल्याशिवाय हे डाव टाकू नका. लंगोट धरून खेचायची पकड इथे नाही. कपडे धरणं बंद. त्याऐवजी मनगट, मान आणि काखेखालचा हात यांवर काम करा.

सगळ्यात खोल मुरलेली सवय म्हणजे पाठ टेकू नये म्हणून पालथं होणं. कुस्तीत तो बचाव, इथे ते पाठ देणं: ३ किंवा ४ गुण गेले आणि गळ्यालाही धोका. पाठ टेकली तर टेकू द्या, पाय मधे आणा, गुडघे छातीशी घ्या आणि समोरच्याला पायांच्या पलीकडे ठेवा. खालून हात ताठ करून ढकलू नका, ताठ हात म्हणजे आर्मबार. ही एक सवय मोडायला आम्ही किमान तीन महिने धरतो. त्याआधी स्पर्धेत उतरायची घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उचलून आपटणंही नीट समजून घ्या. उभ्या स्थितीतून केलेलं टेकडाउन वैध. पण समोरच्याने खालून पायांची मिठी मारली असताना त्याला उचलून आपटलं तर तो स्लॅम, आणि आयबीजेजेएफमध्ये त्यासाठी तत्काळ बाद करतात. डोकं किंवा मान जमिनीवर आदळेल अशी फेकही बंद. एडीसीसीत स्वतः सबमिशनमध्ये अडकलेल्याला आपटून सुटायची मुभा आहे. ती फक्त तिथल्यापुरती धरा.

९. समोरचा लढत सुरू होताच खाली बसला. हा भ्याडपणा नाही का? त्याला दंड का नाही?

तो गार्ड ओढतोय. बहुतेक नियमांत हे वैध आहे, फक्त आधी तुमच्या अंगाला पकड हवी. एडीसीसीतला अपवाद प्रश्न ६ मध्ये आहे. तुम्ही दूर उभे राहून वाट पाहत राहिलात तर वेळकाढूपणाचा इशारा तुम्हालाच मिळू शकतो. पुढे व्हा, पण पायांच्या टप्प्यात ताठ उभे राहू नका. घोटे किंवा गुडघे धरून बाजूला करा, मगच आत जा.

१०. हील हुकला एवढं का घाबरतात?

टाच कोपराच्या खोबणीत अडकवून पायाला पीळ देतात. पीळ टाचेला दिसतो, पण तो उतरतो गुडघ्यात. आर्मबारमध्ये आधी दुखतं आणि मग इजा होते. इथे दुखायच्या आतच गुडघ्याचे अस्थिबंध तुटू शकतात. त्यातही पाय आतल्या बाजूला घेऊन लावलेला हील हुक जास्त घातक. आयबीजेजेएफने २०२१ पासून हील हुक फक्त प्रौढ तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांच्या नो-गी गटात खुला केला. एडीसीसीत आणि बहुतेक व्यावसायिक प्रमोशनमध्ये तो चालतो.

टाच अडकली आणि गुडघा हलत नाही असं जाणवलं की लगेच टॅप करा, दुखायची वाट पाहू नका. पीळ ज्या दिशेने येतो तिच्या उलट वळलात तर सगळा जोर गुडघ्यावर येतो. घाबरलेला नवखा नेमका तसाच वळतो, आणि गुडघा जातो. सरावात लॉक पकडून थांबायचं, झटका द्यायचा नाही. नवख्यांच्या गटात हील हुक खुला असेल तर ती स्पर्धा सोडून द्या, पुढे भरपूर आहेत.

११. वजन कधी घेतात? उन्हाळ्यात नागपुरात वजन उतरवावं का?

आयबीजेजेएफमध्ये लढतीला जाण्याच्या काही वेळ आधी, पूर्ण पोशाखात, आणि संधी एकदाच. १०० ग्रॅम जास्त भरलं तरी तुम्ही बाद. एडीसीसीत आणि व्यावसायिक सुपरफाइटमध्ये बहुधा आदल्या दिवशी. एडीसीसीचे पुरुषांचे गट ६६, ७७, ८८, ९९ किलो आणि त्यावरील; महिलांचे ५५, ६५ आणि त्यावरील.

जिथे त्याच दिवशी वजन आहे तिथे पाणी तोडून वजन उतरवू नका. शरीराच्या २ टक्के पाणी कमी झालं की दम आणि लक्ष दोन्ही घसरतात. ७० किलोच्या माणसासाठी ते जेमतेम १.४ लिटर, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना इथे एका सरावातही तेवढा घाम जातो. त्या दिवसांत प्लास्टिकचा सूट घालून धावणं जिवावर बेतू शकतं. गटाच्या वर असाल तर सहा-आठ आठवडे आधीपासून आठवड्याला अर्धा किलो उतरवा, नाहीतर वरच्या गटात खेळा. आदल्या रात्री सावजी आणि सकाळी तर्री-पोहे टाळा. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं आणि तेल-तिखट मॅटवर वर येतं. वजन झाल्यावर एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, घोट घोट करत. घरचा काटा आणि स्पर्धेचा काटा यांत अर्ध्या किलोचा फरक सहज निघतो, तेवढी जागा ठेवूनच या.

१२. कपडे काय लागतात?

अंगाला चिकटून बसणारा रॅश गार्ड आणि खिसे, चेन, बटणं नसलेली शॉर्ट्स. खिशात बोट अडकून मोडतं, म्हणून हा नियम. आयबीजेजेएफमध्ये रॅश गार्ड काळा किंवा पांढरा आणि त्यावर तुमच्या पट्ट्याचा रंग किमान १० टक्के, नाहीतर पूर्ण पट्ट्याच्या रंगाचा. नखं कापलेली हवीत. अंगठी, ताईत, करगोटा, मंगळसूत्र हे सगळं काढून ठेवा. मॅटबाहेर चपला घाला आणि मॅटवर अनवाणी या, याउलट कधीही नको.

१३. अंगावर गजकर्णाचा चट्टा आहे. टेप लावून खेळू का?

नको. तपासणीत बाद व्हाल आणि न सापडलात तर समोरच्याला द्याल. पावसाळ्यात दमट हवा आणि घाम यांमुळे हा त्रास वाढतो. अमेरिकेतल्या शालेय कुस्तीत अंगावरच्या गजकर्णाला किमान ७२ तास औषध लावल्याशिवाय उतरू देत नाहीत. तेवढं तरी पाळा. मेडिकलमधून सांगोवांगी आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्याने खाज थांबते, चट्टा फिका पडतो आणि बुरशी मात्र पसरत जाते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि चट्टा गेल्यावरही त्यांनी सांगितले तितके दिवस औषध चालू ठेवा.

१४. यात पैसा आहे का?

वरच्या थरात आहे, खाली फारसा नाही. २०२४ च्या एडीसीसीत पुरुषांच्या वजनगटाच्या विजेत्याला १०,००० डॉलर आणि खुल्या, म्हणजे वजनाची अट नसलेल्या, गटाच्या विजेत्याला ४०,००० डॉलर मिळाले. ऑगस्ट २०२४ मध्ये लास वेगासला एडीसीसीच्याच आठवड्यात क्रेग जोन्स इन्व्हिटेशनल झाली. तिथे पुरुषांच्या दोन्ही गटांच्या विजेत्यांना प्रत्येकी १० लाख डॉलर मिळाले. खेळाडूंच्या मोबदल्याची चर्चा त्यानंतर उघडपणे सुरू झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. खुल्या स्पर्धांत बहुधा पदकच मिळतं, फी आणि प्रवास तुमचा. प्रमोशनचा करार आला तर हजेरीचे पैसे, जिंकल्याचे पैसे, वजन चुकल्यास कापली जाणारी टक्केवारी, प्रतिस्पर्धी ऐनवेळी बदलल्यास नकार द्यायचा हक्क आणि दुसरीकडे खेळायची बंदी किती महिने, हे पाच मुद्दे लेखी पाहा.

१५. नागपूरहून सुरुवात कशी करायची? मुलगी १५ वर्षांची आहे, तिला चालेल का?

चालेल, आणि मुलींनी उतरावंच. १८ वर्षांखालील खेळाडूसाठी पालकांची लेखी संमती आणि जन्मतारखेचा पुरावा लागतो. लहान गटांत पायाचे पीळ देणारे लॉक बंद असतात. नोंदणी बहुधा स्मूथकॉम्पसारख्या ऑनलाइन व्यवस्थेवर होते. खरा अनुभव लिहा. नवख्यांच्या गटात उतरलेला जुना कुस्तीगीर समोरच्यावर अन्याय करतो, आणि काही आयोजक कुस्तीची वर्षंही मोजतात. गटात तिघेच असतील तर प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळतो का, हे आधी विचारा. लांबून जायचं तर किमान दोन लढती मिळाव्यात. पुण्या-मुंबईची स्पर्धा असेल तर किमान एक पूर्ण रात्र आधी पोचा. रात्रभर गाडीत बसून थेट वजनाला उभे राहिलात तर पाय जड झालेले असतात.

१६. चोकमध्ये कुणी बेशुद्ध पडलं तर?

रेफरी लढत थांबवतो आणि तो खेळाडू हरतो. फास सुटल्यावर बहुतेकजण काही सेकंदांत शुद्धीवर येतात. त्याला उताणं निजवून पाय थोडे वर धरा. तोंडात पाणी ओतू नका, गालावर मारू नका, लगेच उभं करू नका. अर्ध्या मिनिटात भान आलं नाही, झटके थांबेनात किंवा डोकं आपटलं असेल तर डॉक्टर आणि रुग्णवाहिका. त्या दिवशी पुन्हा लढत नाही, प्रशिक्षकाने कितीही आग्रह धरला तरी.

१७. लॉक लावला आणि दोघेही मॅटबाहेर गेलो. मग काय?

रेफरी ‘थांबा’ म्हणाला की जसे आहात तसेच गोठून राहा. स्थिती पक्की असेल तर बहुतेक नियमांत मध्यभागी आणून तशीच पुन्हा लावतात. आयबीजेजेएफमध्ये फास लागलेला असताना मुद्दाम बाहेर पळालेला थेट बाद होतो. पायात गोळा आला म्हणून लढत थांबवायला सांगितलं, तरी तिथे हारच.

१८. त्याने टॅप केला, मी सोडलं, पण रेफरीने पाहिलंच नाही. आता तो म्हणतो टॅप नव्हता.

नियमाने लढत चालूच आहे आणि तुम्ही हातातली पकड गमावली. म्हणून टॅप जाणवला की जोर तिथेच थांबवा, पण पकड जागेवर ठेवा आणि रेफरीचा हात अंगाला लागेपर्यंत किंवा आवाज कानावर पडेपर्यंत सोडू नका. घंटेच्या आधी झालेला टॅप धरतात, नंतरचा नाही. वेळ संपतानाच्या टॅपवर वाद झाला तर रेफरी काय सांगतो तेच उरतं. व्हिडिओ पाहायची सोय सगळीकडे नसते. तक्रार करायची असेल तर ती प्रशिक्षकाने, पुढची लढत सुरू होण्याआधी, मुख्य पंचांकडे करावी.